चांगल्या हाताची पट्टी

बशी हातातून सुटली तेव्हा अभिमनला आधी वाटलं, कुणाचा तरी धक्का लागला. धुळ्यात पाच कंदिलाजवळच्या त्या हॉटेलात सकाळच्या वेळी धक्के लागायचेच; बाकांमधून वाट म्हणून नव्हतीच, जो तो दुसऱ्याचा खांदा धरून पुढं सरकायचा. पण वळून पाहिलं तर मागं भिंत. बशीचे तुकडे पायाशी, चहा चपलेच्या पट्ट्यात शिरलेला, आणि डावा हात बशी धरल्यासारखा अजून हवेतच. चार बोटं जागच्या जागी होती. अंगठा मात्र, लग्नात कुणी विचारलं नाही म्हणून रुसून मांडवाबाहेर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा, बाजूला सुजून बसला होता. "फोड भाऊ, फोड," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "पाव्हणास्ले आते ओंजयमाच चहा देसूत." बाकं हसली. सगळ्यांत मोठ्यानं रतिलाल हसला. कापडदुकानदार सोहनलालजींचा हा मुलगा जळगावहून स्पर्धेला आलेल्या त्यांच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाचा स्मॅशर. त्याचं हसणंही वरून खाली आपटल्यासारखं. "अरे, ह्याला चेंडू द्या, बशी कशाला देता? बशी वर उडवायची सवय नाही त्याला!" पुन्हा हशा. दोनच माणसं हसली नाहीत. एक सोनवणे सर, कॉलेजचे क्रीडाशिक्षक, ते चहाच्या वाफेआडून त्याच्या हाताकडे बघत राहिले. दुसरा लोटन, संघाचा राखीव लिफ्टर. तो खाली वाकला आणि बशीचे तुकडे वेचू लागला.

काल लागलं होतं. उपांत्य सामन्यात, नेटपाशी, समोरच्याचा स्मॅश अडवताना चेंडू अंगठ्याच्या टोकावर आला आणि आत कुठंतरी टक् झालं, लाकडी खेळण्याची खुंटी निसटावी तसं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. खेळत राहिला, जिंकले, सगळ्यांनी रतिलालला खांद्यावर घेतलं. अभिमन लिफ्टर, आणि लिफ्टरला खांद्यावर घेत नाहीत. प्रत्येक चेंडू त्याच्या हातांतून जातो, तो चेंडू नेमका किती उंच, नेटपासून किती लांब, कुणाला द्यायचा, हे सगळं तो डोळ्याच्या एका उघडझापीत ठरवतो आणि मग बाजूला होतो. टाळ्या पडतात त्या दुसऱ्याला. अभिमनला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. गावच्या, असोद्याच्या भजनी मंडळात लहानपणापासून मृदंगाशी बसलेल्या मुलाला मागं राहण्याचं काय नवल? कीर्तनात लोक बुवांच्या पाया पडतात, मृदंगवाल्याला फार तर दूध आणून देतात. हीच आपली जागा, असं त्याला मनापासून वाटायचं. पांडुरंगानंच लावून दिलेली जागा. रात्री धर्मशाळेच्या सतरंजीवर अंगठा ठणकत असताना त्याच्या मनात सामना आलाच नाही. आला तो काला. परवा असोद्याला सप्ताहाची समाप्ती, काल्याचं कीर्तन, आणि यंदा काल्याला मृदंगावर तो.

म्हणजे आता उद्या. चहानं ओलं झालेलं पायताण आपटत तो रस्त्यावर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की परवाचं उद्या झालंय. आग्रा रोडवर ट्रकांची रांग, हातगाडीवर हिरव्या वाटाण्यांचा ढीग, रिक्षावाल्यांची भांडणं, थंडीतलं पांढरं ऊन. हे सगळं आपल्याकडं पाहतंय असं वाटलं. गेली कित्येक वर्षं काल्याला त्याचे गुरू जीवरामआबाच वाजवायचे. त्या दिवशी दुसरं कुणी मृदंगाला हात लावत नसे. पण दिवाळीनंतर आबांची उजव्या हाताची बोटं आखडली. डावा हात अजून ढगासारखा गर्जायचा, पण उजव्या बाजूची बारीक कामं, ती तिरकिट, होईनात. एका संध्याकाळी भजन संपल्यावर मृदंगाच्या डाव्या तोंडावर आवाज घुमावा म्हणून लावलेली कणीक नखानं खरवडून काढता काढता आबा सहज म्हणाले होते, "यंदा काल्याले तू बस." एवढंच. त्यानंतर त्यांनी कणकेचा गोळा गाईपुढं टाकला आणि घरी गेले. अभिमन बराच वेळ देवळाच्या पायरीवर बसून होता. मंडळाची रीत अशी, की काल्याला जो वाजवणार त्याच्या घरचं पीठ, आणि ती कणीक त्यानं स्वतःच्या हातानं मळून मृदंगाला लावायची. त्याची आई पुष्पाबाई आठवडाभरापूर्वीच गहू निवडून, दळून, वस्त्रगाळ पीठ डब्यात भरून बसली होती. त्या डब्याला घरात कुणी हात लावत नव्हतं.

सरांनी त्याला धर्मशाळेच्या मोरीजवळ गाठलं. "दाखव." त्यानं दाखवला. सरांनी अंगठा धरून हळूच बाहेर ओढला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, पण तोंडातून आवाज निघाला नाही. सर वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या पगारातून पोरांना अंडी खाऊ घालायचे, मेहरूणच्या तलावाकाठी पहाटे स्वतः पुढं पळायचे. कॉलेजला अजून एकदाही या स्पर्धेची ढाल मिळाली नव्हती, आणि सर या वर्षी निवृत्त होणार होते. "दुपारी धुळ्याशी अंतिम सामना. मी तुला खेळ म्हणणार नाही," ते म्हणाले, "तूच सांग. लोटन आहे बसलेला." अभिमनला तिथल्या तिथं म्हणता आलं असतं, की सर, लोटनला घ्या, मला उद्या काला आहे. शब्द जिभेवर आलेही होते. पण त्याच क्षणी डोळ्यांसमोर आलं लोटनचं उचलणं: जरा बुटकं, जरा उशिरा, रतिलालला नेहमी मागं सरकायला लावणारं. त्या हातांमधून अंतिम सामन्याचे चेंडू जाणार. "खेळतो," तो म्हणाला. सरांनी खिशातून चिकटपट्टीचं बंडल काढलं आणि त्याचा उजवा हात पुढं ओढला. "सर, हा नाही." "माहिती आहे मला," सर म्हणाले आणि उजव्या अंगठ्याला, मनगटाला, तळव्याला भरपूर गुंडाळत गेले. "बांधायची तर चांगल्या हाताला बांधायची. धुळ्याची पोरं काल तुला बघत होती. पट्टी बघतील, सगळे चेंडू उजवीकडं टाकतील. टाकू दे." पट्टी गुंडाळताना त्यांच्या तोंडावर पोरासारखा आनंद होता. अभिमनलाही हसू आलं. थोडा वेळ दोघं मोरीजवळ उभे राहून चोरट्यासारखे हसले.

लोटन दारात उभा होता. साक्रीकडचा, तिसऱ्या वर्षाला, बोलायला मोजका. "तुन्हा डावा आंगठा सुजेल शे," तो म्हणाला. "मी काय आंधया शे का?" "सरांना माहीत आहे," अभिमन म्हणाला. लोटननं उजव्या हातावरच्या पट्टीकडं पाहिलं, मग डाव्याकडं, मग पट्टीकडं. "मंग माले कसाले आनं?" असं त्यानं विचारलं, पण विचारलं ते भिंतीला, आणि उत्तराची वाट न पाहता बूट बांधायला बसला. त्याचा हा शेवटचा सामना होता. हे अभिमनला माहीत होतं, पण आतापर्यंत ते त्याला असं दिसलं नव्हतं, बुटाच्या नाडीला दोनदा गाठ मारणाऱ्या हातांसारखं. त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं. तेवढ्यात रतिलाल आला आणि पट्टी बघून म्हणाला, "हे काय, नवरदेवाचं कंकण?" आणि बोलणं तिथंच राहिलं.

दुपारी मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं, एक म्हातारा चक्क कोंबडी काखेत घेऊन उभा. "ए केयावाला!" कुणीतरी ओरडलं, "हात दुखस का?" जळगावचा म्हणून केळीवाला. सगळं मैदान हसलं. आणि सरांचं म्हणणं खरं ठरलं. धुळ्याची प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक हळूच टाकलेला चेंडू अभिमनच्या उजव्या बाजूला यायचा आणि पट्टीतला धडधाकट हात तो आरामात घ्यायचा. पहिला सेट जळगावनं हसत मारला. डाव्या अंगठ्याला तो चेंडू लागूच देत नव्हता, चार बोटांवर झेलून वर सारत होता, आणि कळ कोपरापर्यंत जाऊन परत यायची, जणू घराचा दरवाजा बंद बघून पाहुणा गल्लीत फेऱ्या मारतोय. या कळेत एक प्रकारची धुंदी होती. हे आपण सोसतोय, हे कुणाला दिसत नाही, त्याला दिसतंय, असं त्याला वाटत होतं. आणि 'त्याला' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं विटेवरचा उभा होता. मग एकाएकी आठवलं ते चारपाच वर्षांपूर्वीचं कीर्तन. फैजपूरकडचे बुवा आले होते, गोड गळ्याचे, विनोदी. कथा रंगात आलेली, गोपाळांच्या शिदोऱ्या सुटत होत्या, आणि अभिमनच्या हाताला काय झालं होतं कुणास ठाऊक, तो बोलावर बोल टाकत सुटला होता. बुवा थांबले, मागं वळले, हात जोडून म्हणाले, "मृदंगाचार्य, थोडं आम्हालाही बोलू द्या की!" सारा मांडव हसला. अभिमनचे कान तापले. पण त्या रात्री गोधडीत त्याला हसणं आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की बुवांना थांबावं लागलं.

हे आत्ताच कशाला आठवावं? दुसऱ्या सेटमध्ये डावा हात बधिर झाला. ज्या हातानं इतकी वर्षं आपलं ऐकलं तो ऐकेना. चेंडू येई, दोन्ही हात वर जात, उजवा वेळेवर भेटे, डावा किंचित मागून. पंचांनी शिटी मारली आणि दोन बोटं वर केली: डबल. चेंडूला दोन हात एकदम लागले पाहिजेत, मागंपुढं लागले की चूक. पुन्हा शिटी, पुन्हा दोन बोटं. मैदान ओरडलं. त्याच्या कानात मात्र मैदान नव्हतं, असोद्याचं देऊळ होतं, आणि आबा त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधून शिकवत होते: धा म्हणजे दोन हात, आवाज एक. उजवा आधी पडला का डावा, मले ऐकू नाही आलं पायजे. लहानपणी तो तासन्‌तास एकच धा मारत बसायचा आणि आबा डोळे मिटून म्हणायचे, "फुटला." पुन्हा. "फुटला." पुन्हा. मग कधीतरी काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते काही न म्हणणं म्हणजे प्रसाद. आता प्रत्येक चेंडूवर धा फुटत होता आणि सगळं धुळं ते ऐकत होतं. दुसरा सेट गेला. "अभिमन?" सरांनी लांबून विचारलं. त्यानं मान हलवली: ठीक आहे. तिसऱ्याच्या सुरुवातीलाच पुन्हा दोन बोटं, मग पुन्हा. या वेळी सरांनी विचारलं नाही. बदलीची खूण केली आणि लोटन बाकावरून उठला.

बाकावर लोटन बसला होता ती जागा गरम होती. अभिमन तिथं बसला आणि त्याच्या मनात लोटनविषयी असा काही द्वेष उसळला की त्याचा तोच घाबरला. चुकू दे, असं त्याला वाटलं. सरळ, स्पष्ट शब्दांत वाटलं. लोटनचा पहिला चेंडू बुटका गेला, रतिलाल चुकला आणि आई-बहिणीवरून काहीतरी पुटपुटला, आणि अभिमनच्या छातीत एक गोड फुलबाजा सुटला. मग त्यानं पाहिलं, आपले हात वर गेलेत. लोटन चेंडूखाली सरकला की बाकावर बसल्या बसल्या त्याचेही दोन्ही हात कपाळापर्यंत वर जात होते आणि रिकामे खाली येत होते. त्याला कुठंतरी हे आधी पाहिल्यासारखं वाटलं. मग आठवलं: सराव असो की सामना, या बाकावर बसून लोटन हेच करायचा, कोपऱ्यातून दिसायचं, आणि आपल्याला वाटायचं आळस देतोय. दोन वर्षं आपण उचललेल्या प्रत्येक चेंडूला हा इथून हात लावत होता. रतिलाल आता एक पाऊल मागून धावायला शिकला होता. बुटका चेंडू त्याला बरा पडू लागला, समोरच्यांना त्याची सवय नव्हती. अटीतटीनं का होईना, जळगावनं ढाल घेतली. पोरं मैदानात घुसली, रतिलाल खांद्यावर गेला, आणि रतिलालनंच वरून वाकून लोटनला ओढून कुणाच्या तरी खांद्यावर चढवलं. सर रडत होते. अभिमनला टाळ्या वाजवायच्या होत्या. अंगठ्यामुळं वाजेनात, म्हणून तो उजवा पट्टीचा तळवा मांडीवर आपटत राहिला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण त्या आनंदाला आपली गरज पडली नव्हती. आणि काल्याचा हात तर आपण खर्चून बसलो.

पट्टी त्यानं काढली नाही. परतीच्या एस.टी.त, पारोळ्याला, एरंडोलला, जो चढे तो उजव्या हाताची चौकशी करे, आणि डावा निवांत मांडीवर पडून राही. ते सोयीचं होतं. सकाळी असोद्याला घरात पाऊल टाकलं तर पुष्पाबाईनं आधी पट्टी पाहिली. "माय माय माय! हात मोडून आला वं पोरगा! आणि आजच?" त्यानं तोंड उघडायच्या आत ती ओसरीवरून शेजारणीला सांगत होती, शेजारीण मांडवाकडं निघाली होती, आणि अभिमन आंघोळ करून निघेपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं की त्याचा उजवा हात गेला. आता सांगायचं तरी कुठून सुरू करायचं? पट्टी खोटी आहे म्हणायचं, तर बांधली का? बांधली धुळ्याच्या पोरांना फसवायला, तर फसवून खेळलास का? काला माहीत असताना? एक धागा ओढला तर सगळंच वस्त्र उसवणार. आईनं पिठाचा डबा पुढं ठेवला. परात ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. "डाव्या हातानं मळ," ती म्हणाली, "गोळा होईल एवढा. देवाले चालतं." त्यानं डावा हात पिठात घातला. दोन मुठी वळल्यावर कपाळावर घाम फुटला. "मांडवातच मळतो," म्हणून त्यानं डबा काखेत मारला आणि निघाला.

मांडवात टाळकरी उभे राहत होते, बुवा फेटा बांधत होते. दहीहंडी वर बांधून झाली होती. जीवरामआबा घडी घातलेल्या घोंगडीवर बसले होते, पुढ्यात मृदंग. अभिमन वाकून पाया पडला. आबांनी पट्टीकडं पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. तेच त्याला सोसेना. "बरं झालं डावा तरी वाचला," आबा म्हणाले. "म्या सकायपासून इचार केला. उजवीकडून म्या कसंतरी रेटतो, ह्या लाकडाच्या बोटाइनं. बारीक कामं नाही झाली तर नाही झाली. डावी बाजू तू धर. आखीन कणीक तूच मळ, यंदाचा मान तुहाच हाये." असं म्हणून, बांधलेला हात दुखू नये म्हणून त्यांनी जपून दुसरा हात धरला, डावा, आणि मायेनं, घट्ट, अंगठ्यासकट दाबला.

कळेसरशी तो आबांच्या पुढ्यातच बसला. आबांचा हात तसाच होता. त्या जुन्या, ढोलाच्या कातड्यासारख्या तळव्याला आतली सूज, आतली कळ, सगळं कळत होतं. टाळ थांबले. "आबा," अभिमन म्हणाला, "तो नाही. हा." आणि मग तो सांगत गेला, मांडवात, आई मागं उभी असताना: बशी, मोरी, सरांची पट्टी, लोटन बाकावर, आणि लोटन चुकावा असं वाटलं तेही. ते शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. आबा ऐकत होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी "आरं देवा" म्हणालं. बुवांनी घड्याळाकडं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

आबांनी त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि नखानं पट्टीचं टोक शोधलं. ती कणीक खरवडायचे तशीच त्यांनी पट्टी सोडवली. आतून हात निघाला तो पांढरा, सुरकुतलेला, ओलसर, नुकताच जन्मल्यासारखा. "हा तं चांगला हाये की रे," आबा म्हणाले, "बांधून काहून ठेवला व्हता?" मग डब्यातलं पीठ परातीत ओतून त्यांनी स्वतःच्या डाव्या हातानं मळायला घेतलं, आणि अभिमननं आपल्या उजव्या हातानं परात धरून ठेवली. मानाचं काय, हे कुणी विचारलं नाही. कणीक लागली. आबा मृदंगाच्या डाव्या अंगाला बसले, अभिमन उजव्या अंगाला, दोघांचा गुडघ्याला गुडघा लागून, मध्ये एक मृदंग. "असं कधी पाह्यलं नव्हतं बुवा," मागून कुणीतरी म्हणालं. "आता पाहा," आबा म्हणाले.

बुवांनी डोळे मिटले, हात वर केला, मांडवभर नामाचा गजर उठला. पहिला धा फुटला. आधी अभिमनचा हात पडला, मग आबांचा. दोन आवाज, उघडे, वेगळे, पंचांच्या दोन बोटांसारखे. बुवांनी वळून पाहिलं नाही. दुसराही फुटला. अभिमनचा हात घाई करत होता, सवयीनं पुढं धावत होता, आणि डावा अंगठा मांडीवर पडून ठणकत होता. आबा काही म्हणाले नाहीत, "फुटला" देखील नाही. त्यानं आपल्या हाताकडं बघणं सोडलं. शेजारच्या म्हाताऱ्या खांद्याकडं पाहिलं. तो आघातापूर्वी किंचित वर उचलला जायचा, चेंडूखाली जाताना लोटनचा जायचा तसा. खांदा वर गेला. अभिमननं उजवा हात उचलला आणि आबांचा खांदा खाली येण्याची वाट पाहिली.